खापर पक्ष्यांच्या डोक्यावर

थंडी पडली की वसईच्या किनाऱ्याला पाहुणे येतात. भुईगावच्या चिखलात तुतवार आणि चिखले, मिठागरांत कुरव, शेताच्या बांधावर धोबी, झुडपांच्या शेंड्यांवर गप्पीदास. त्यांच्यामागोमाग दुर्बिणी येतात, कॅमेरे येतात. आणि कुठे बर्ड फ्लूची बातमी आली की संशयही येतो.

हे पक्षी रोग आणतात म्हणे. अंगावर गोचिडी घेऊन येतात म्हणे.

आणतात.

हे पहिल्याच फटक्यात मान्य करू. पण मग पुढचे प्रश्नही विचारू. कोणता पक्षी आणतो? कोणती गोचीड? आणि उतरल्यावर तिला जगवतं कोण?

गोचीड हा कीटक नाही, ती कोळ्याच्या कुळातली. तिला उडता येत नाही, पिसवेसारखी उडीही मारता येत नाही. गवताच्या पात्यावर चढायचं, पुढचे पाय पसरायचे आणि अंग घासून जाणाऱ्या प्राण्याची वाट बघायची, हा तिचा नेहमीचा उद्योग. बहुतेक जातींना जन्मभरात तीनदा पोटभर रक्त मिळालं की पुरतं: अळी असताना एकदा, मग मधल्या अवस्थेत, मग मोठी झाल्यावर. स्वतःच्या पायांनी ती फार लांब जात नाही. लांबचा प्रवास तिला दुसऱ्याच्या अंगावरूनच करावा लागतो.

पक्ष्याच्या अंगावर चढते ती बहुतेकदा पहिल्या दोन अवस्थांतली, खसखशीच्या दाण्याएवढी. ती बसते डोळ्यांभोवती, कानाशी, चोचीच्या मुळाशी. म्हणजे जिथे त्या पक्ष्याची स्वतःची चोच पोचत नाही, नेमकी तिथे.

आता कोणता पक्षी, ते बघू. लोकांचं बोट जातं रोहिताकडे, म्हणजे फ्लेमिंगोकडे, कारण तो मोठा, गुलाबी आणि परका. पण गोचीड वाट बघते गवतात, झुडपात, पालापाचोळ्यात. खाजणाच्या चिखलात उभ्या असलेल्या रोहिताशी तिची गाठ पडायची शक्यता फार थोडी. ती चढते जमिनीवर उतरून दाणे-किडे टिपणाऱ्यांवर. युरोपातल्या शहरी बागांत हे काम ब्लॅकबर्ड आणि थ्रश करतात, अमेरिकेत रॉबिन करतो.

आणि आपल्याकडे? जमिनीवर पाचोळा उलटापालटा करत हिंडतात सातभाई, भारद्वाज, दयाळ. त्यांना सायबेरिया माहीत नाही. ते वाडीतलेच आहेत.

पण परक्यावर संशय घेणं सोपं असतं.

आता पालघरची गोष्ट. सप्टेंबर २०२० मध्ये, सगळा देश करोनात बुडालेला असताना, पालघर जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागाने एक इशारा काढला होता. गुजरातच्या काही भागांत काँगो ताप आढळलाय, शेजारच्या वलसाडमार्गे तो इकडे येऊ शकतो, जनावरं पाळणाऱ्यांनी आणि मांसविक्रेत्यांनी जपून राहावं. इशारा योग्य होता, वेळेवर होता. नाकावर मास्क बांधून घरात बसलेल्या किती जणांना तो आठवतो?

काँगो ताप म्हणजे क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप. विषाणू गोचिडीतून येतो, जनावराच्या रक्तातून येतो, आजारी माणसाच्या रक्तातूनही येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे साथीत दहापासून चाळीस टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावतात. भारतात त्याची पहिली खात्रीशीर नोंद जानेवारी २०११ ची, अहमदाबाद जिल्ह्यातली. त्या पहिल्या रुग्णाबरोबर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका, दोघंही गेले.

उपचार करणारेच गेले. हे वाक्य प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहायला हवं.

या तापाची गोचीड हायलोमा कुळातली, बऱ्याच जातींत पाय पट्टेरी. यातली एक जात बालवयात पक्ष्यांवर बसते आणि आठवडे-आठवडे उतरत नाही. आफ्रिकेतून युरोपात जाणाऱ्या पक्ष्यांवर ती वर्षानुवर्षं सापडते आहे. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात तर तिचे मोठे नर-माद्या थेट जर्मनीत, स्वीडनमध्ये मिळाले. तेव्हा पक्षी गोचीड वाहून नेतात हे शंभर टक्के खरं.

पण बहुतेक पक्ष्यांच्या रक्तात हा विषाणू वाढतच नाही. शहामृग हा ठळक अपवाद, आणि विरारला शहामृग नाहीत. विषाणू वाढतो गाई-म्हशींच्या, शेळ्या-मेंढ्यांच्या रक्तात, आठवडाभर. आणि त्या आठवड्यात जनावर आजारी दिसत नाही. दूध देतं, रवंथ करतं, बाजारात उभं राहतं.

शिवाय भारतात या तापाशी ज्या हायलोमाचं नाव जास्त जोडलं जातं, ती मुळात गुराढोरांची गोचीड. तिचा भर पंखांवर नाही, खुरांवर आहे.

मग सांगा, जास्त गोचिडी कोण आणतं? बांधावर शेपटी हलवत फिरणारा धोबी, की अहमदाबाद हायवेने येणारा जनावरांचा ट्रक? धोब्यावर असतील तर एक-दोन. गोचीड लागलेल्या एका म्हशीवर शेकडो. जाफराबादी आणि मेहसाणा म्हशी गुजरातच्या, मुऱ्हा हरियाणाची. आपल्या तबेल्यांतली जनावरं आभाळातून पडलेली नाहीत.

पक्ष्याला चेकनाका नसतो. ट्रकला असतो. सीमेवरच्या आच्छाडच्या नाक्यावर ट्रकचे कागद बघितले जातात, वजन बघितलं जातं. म्हशीच्या कानामागे बघतं का कोणी?

हा पक्ष्यांवरचा आरोप नवा नाही. आपल्या देशात त्यावर एक मोठी चौकशी होऊन गेली आहे, आणि ती प्रत्येक नगरसेवकाने वाचण्यासारखी आहे.

साल १९५७. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातला शिमोगा जिल्हा. क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली, पाठोपाठ भोवतालच्या गावांतली माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, नवा विषाणू शोधून काढला. तो रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला. शास्त्रज्ञांच्या डोक्यात प्रश्न आला: उत्तरेकडून दर हिवाळ्यात लाखो पक्षी येतात, त्यांच्या अंगावर गोचिडी असतात, मग विषाणू त्यांनीच आणला नसेल कशावरून?

तर्क वाईट नव्हता. आणि तो तपासायला माणूसही योग्य मिळाला.

सलीम अली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्षी पकडायला सुरुवात केली. जाळी लावली, हजारो पक्ष्यांच्या पायांत वाळे घातले, अंगावरच्या गोचिडी वेचून तपासणीला पाठवल्या. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराच्या एका प्रकल्पाचाही पैसा मिळाला, त्यावरून १९७० च्या दशकात काहूर उठलं आणि प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेलं. पक्षी हेरगिरीचे आणि रोगयुद्धाचे आरोपी झाले.

आणि निष्पन्न काय झालं? सायबेरियाच्या पक्ष्यांनी हा रोग आणून टाकला, असा पुरावा मिळाला नाही. विषाणू तिथल्याच जंगलात मुक्काम करून होता. तिथल्याच गोचिडी, तिथलेच उंदीर, चिचुंद्र्या, खारी. जमिनीवर चरणाऱ्या रानपक्ष्यांवर त्या गोचिडींची पिल्लं सापडली खरी, पण ते पक्षीही तिथलेच.

बदललं होतं ते वेगळंच. जंगल तोडून शेती घुसली होती. कडेला घाणेरीचं रान माजलं होतं. गुरं आत चरायला जात होती आणि मोठ्या गोचिडींना हवं तेवढं रक्त मिळत होतं. बोशेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये हे सगळं मांडून ठेवलं. त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली.

आरोपी सायबेरियाचा शोधला, गुन्हा घरचा निघाला.

एक गोष्ट मात्र त्या खटाटोपाच्या बाजूने सांगायलाच हवी. पक्षी कुठून येतात, कुठे जातात, कधी परततात, याची या देशातली पहिली मोठी शास्त्रीय माहिती त्या वाळ्यांतून मिळाली. संशय घेतला होता, पण मोजून घेतला होता. मोबाइलवर ढकललेल्या संशयातून अशी माहिती मिळत नाही.

तो क्यासनूरचा ताप पुढे अनेक दशकं कर्नाटकात त्याच पट्ट्यात राहिला. २०१२ नंतर तो हलला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीत, २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गला आणि पुढच्या वर्षी बांद्याकडे. तिकडे त्याला माकडताप म्हणतात. काजू वेचायचे दिवस आणि तापाचे दिवस एकच, जानेवारी ते मे. बागायतदार बी गोळा करायला वाकतो आणि गोचीड चढते. माकड आधी मरतं आणि माणसाला सावध करून जातं. मेलेलं माकड दिसलं की हात न लावता कळवायचं, हे सिंधुदुर्गातल्या शाळकरी पोराला माहीत आहे.

वसई-विरारमध्ये किती जणांना आहे?

गैरसमज नको. तुंगारेश्वरच्या जंगलात माकडताप आहे असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की नकाशा काढून बघा. पेल्हार, धानीव बाग, वाकणपाडा, भोयदापाडा. डोंगर तोडून चाळी चढल्यात. चाळीच्या मागे घाणेरी. घाणेरीत मोकाट गुरं, कुत्री, उंदीर. वर अभयारण्य, खाली वस्ती, मध्ये कुंपण नाही. गोचिडीला याहून सोयीचं काय हवं?

तिथे सातभाईंचा थवा आला तर दोष सातभाईंचा?

आता जरा घरात येऊ. नालासोपाऱ्यातल्या फ्लॅटच्या भिंतीवर गोचीड चढताना दिसली की पहिला सवाल असतो, "कबुतरांची असेल का?" बहुतेकदा नसते. ती कुत्र्याची तपकिरी गोचीड असते. तिला तिन्ही वेळा कुत्र्याचंच रक्त आवडतं आणि तिचा अख्खा संसार घरातल्या घरात होऊ शकतो. एक मादी हजारोंनी अंडी घालते, फरशीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, पडद्याच्या घडीत. पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत, तीही त्यांच्या वाटेला फारशी जात नाही.

जिन्याखाली झोपणारं कुत्रं तिसऱ्या मजल्याला गोचिडी पुरवतं. त्या कुत्र्याला हाकलून उपयोग नाही, ते शेजारच्या जिन्याखाली जाईल. त्याला औषध द्यावं लागतं, नसबंदी करावी लागते, आणि ते ज्याच्यावर जगतं तो कचरा उचलावा लागतो. तिन्ही कामं महापालिकेची. तिन्ही कंटाळवाणी. एकाचंही उद्घाटन करता येत नाही.

कबुतरांचं मात्र आपल्याकडे लगेच राजकारण होतं. २०२५ च्या जुलैत विधान परिषदेत मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायचं जाहीर झालं, ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, लोकांनी ती फाडली, प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं. मुद्दा फुप्फुसांच्या आजाराचा होता आणि तो खरा आहे. पण युरोपातला एक अनुभव इथे सांगायला हवा. तिथे कबुतरांवर जगणारी एक मऊ गोचीड आहे. रात्री रक्त पिते, दिवसा फटीत लपते, उपाशी राहून वर्षं काढते. माळ्यावरची कबुतरं हाकलली, भोकं बुजवली, की उपाशी गोचिडी खालच्या खोल्यांत उतरल्या आणि झोपलेल्या माणसांना चावल्या. काहींना जिवावर बेतेल अशी ॲलर्जी झाली.

म्हणजे पक्षी गेला, गोचीड राहिली.

तिचीच बहीण आपल्याकडे कोंबड्यांच्या खुराड्यात राहते. खुराड्याच्या लाकडाच्या भेगा कधी विजेरी लावून बघितल्यात? फेब्रुवारी २०२२ मध्ये वसई-विरारमध्ये बर्ड फ्लू सापडला तेव्हा कोंबड्या मोजल्या गेल्या, मारल्या गेल्या, पुरल्या गेल्या. तेव्हाही बोटं आकाशाकडेच गेली होती. खुराडं जमिनीवर असतं.

तबेल्यांचंही बोलू. गोचीड दिसली की फवारणी, हा एकच मंत्र. तेच औषध, वर्षानुवर्षं, मनाला येईल त्या मापात. परिणाम असा की देशाच्या अनेक भागांत गुरांच्या गोचिडी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन पचवून बसल्यात. औषध बदलून वापरायचं असतं, अंगाबरोबर गोठ्याच्या भिंती-भेगाही धुवायच्या असतात, नवं जनावर काही दिवस वेगळं बांधायचं असतं. हे तबेलेवाल्याला कोण सांगणार? पशुवैद्य तिथे पोचतो का?

गायबगळा पोचतो. कोतवाल पोचतो. साळुंकी म्हशीच्या पाठीवर बसते आणि किडे-गोचिडी टिपून खाते. ज्या पक्ष्यांवर आपण गोचिडी आणल्याचा आळ घेतो, त्यांतले काही फुकट गोचिडी वेचतात. सगळ्या नाही, पुरेशा नाही. पण वेचतात.

आता तापाकडे या, कारण शेवटी प्रश्न तापाचाच आहे. पावसाळा सरता सरता घराघरात ताप. मलेरिया तपासला, निगेटिव्ह. डेंग्यू, निगेटिव्ह. मग टायफॉइड धरून औषध सुरू. पाचव्या दिवशीही ताप उतरत नाही, अंगावर पुरळ उठतं, आणि मग धावपळ. गोचिडीतून आणि तिच्याहून बारीक अशा माइटच्या अळ्यांतून येणारे रिकेट्सिया जातीचे ताप महाराष्ट्रात आहेत. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसने माणसं नेली. काखेत, जांघेत, कानामागे भाजल्यासारखा काळा डाग दिसला तर तो मोठा पुरावा असतो. दिसेलच असं नाही, पण बघावं तर लागेल.

यावरचं औषध डॉक्सिसायक्लिन. जुनं, स्वस्त, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं. वेळेवर सुरू झालं तर रुग्ण दोन-तीन दिवसांत डोकं वर काढतो. माणूस मरतो तो औषध नाही म्हणून नाही, संशय आला नाही म्हणून.

पक्ष्यांवर संशय घ्यायला आपल्याला वेळ आहे. तापावर घ्यायला नाही.

काँगो तापाचं तर आणखी अवघड. तो विषाणू हाताळायला सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते. देशातली तशी पहिली प्रयोगशाळा २०१२ मध्ये पुण्यात पाषाणला उभी राहिली. पालघरपासून पाषाण एका दिवसाच्या अंतरावर आहे. नमुना तिथे जाईल. पण नमुना घ्यायचं कोणाच्या डोक्यात यायला हवं? तालुक्याच्या डॉक्टरच्या. आणि त्याच्या हातात मोजे कोण देणार?

गोचीड चिकटली तर काय करायचं, तेही ऐका, कारण घरोघरी उलटंच केलं जातं. रॉकेल ओतू नका. उदबत्तीचा चटका देऊ नका. नखावर चिरडू तर मुळीच नका, काँगो तापाचा विषाणू चिरडलेल्या गोचिडीतूनही शिरतो. बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरा, सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला ती तारीख सांगा.

संक्रांतीला मांज्याने कापलेले पक्षी उचलणाऱ्या पोरांनाही हेच. जखमी पक्षी उचलाच, पण हातमोजे घालून. आणि त्याच्या डोळ्याभोवती गोचीड दिसली तर ती फेकू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका, कुठल्या पक्ष्यावर, कुठल्या दिवशी, कुठल्या गावात ते चिठ्ठीवर लिहा. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत दर जानेवारीला अशा बाटल्या जमल्या तर पाच वर्षांत या शहराकडे स्वतःचा पुरावा असेल. सलीम अलींनी जे जाळी लावून केलं, ते आपल्याकडे मांजा आयतं करून देतो आहे, आणि आपण ते कचऱ्यात टाकतो.

वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ ला झाली. २०११ च्या जनगणनेत इथे बारा लाखांवर माणसं होती, त्यानंतर किती वाढली ते सकाळच्या लोकलमध्ये कळतं. बावखलं, म्हणजे वाड्यांतली जुनी तळी, बुजली, मिठागरांवर टॉवरची स्वप्नं पडतायत, पूर्वेला डोंगर खाली येतोय. पक्ष्यांना उतरायची जागा कमी होत जाणार आणि ते अधिकाधिक आपल्या दारात उतरणार, कुत्र्यांच्या, गुरांच्या, उंदरांच्या सोबतीला. गोचिडीला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायचं अंतर आपण रोज कमी करतो आहोत.

आणि पशुसंवर्धन एका खात्याकडे, माणसांचा ताप दुसऱ्या, कुत्री तिसऱ्या, जंगल चौथ्या. गोचीड चारही खात्यांतून बिनपरवाना फिरते. चारही खात्यांचे साहेब वर्षातून एकदा तरी एका टेबलाशी बसतात का? बसत असतील तर इतिवृत्त दाखवा. नसतील तर या थंडीच्या आधी बसा. अजेंडा लांबलचक नको. नाक्यावर जनावराची तपासणी, तबेल्यांत औषधाची फेरपालट, कुत्र्यांवर उपचार, आणि दवाखान्याच्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता यांच्या खाली एक छापील प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत गोचीड चावली होती का?

छापायला किती खर्च येईल?